कागदावर डेन, कामावर युक्रेनियन

माझे घरमालक जगात माणसांच्या दोनच जाती मानायचे: डेन, म्हणजे डॅनिश, आणि युक्रेनियन. त्यात जन्माचा संबंध असलाच पाहिजे असं नव्हतं. त्यांचा दातांचा डॉक्टर केरळचा होता, तो डेन. स्टेशनच्या बसवरची ग्रीक ड्रायव्हर बाई युक्रेनियन. पंतप्रधान कुठल्याही पक्षाचा असो, डेनच. "ज्याला पुढच्या दाराने या म्हणतात तो डेन," ते सांगायचे, "आणि ज्याला मागच्या दाराने आत घेऊन हातात झाडू देतात तो युक्रेनियन. सोपं आहे, मेट."

ते स्वतः मात्र जन्मानेही युक्रेनियन होते, म्हणजे आईवडील तिकडचे. समोरच्या विटांच्या घरात राहणाऱ्या, पंचाहत्तरी उलटलेल्या बाई जन्माने डॅनिश. रस्ता जेमतेम आठ-दहा पावलांचा. पण ही दोघं एकमेकांशी साठेक वर्षांत एक शब्द बोललेली नव्हती, हे मला बरंच उशिरा कळलं.

मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला गेले ती कोविडच्या आदल्या वर्षी. घर ऑस्ट्रेलियात, डँडेनॉन्गला, आपल्या इंडियन दुकानांपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. मागच्या अंगणात एक खोली, तिला वेगळं दार, वेगळी मोरी. खोली बघायला गेले तर हे फाटकातच उभे. उंच, वाकलेले, अंगात पोस्टमनचा जुना निळा कोट. नमस्कार-चमत्कार काही नाही. पहिलाच प्रश्न: "तुझे आजोबा काय करायचे?"

मी हबकलेच. मनात आलं, इतक्या लांब येऊन हा गोरा म्हातारासुद्धा जात विचारतोय की काय!

"शाळामास्तर," मी म्हणाले.

"वडील?"

"एसटीत कंडक्टर. म्हणजे बसमध्ये."

"तू?"

"जनावरांची डॉक्टर."

त्यांनी चष्मा काढला. "इथे काय करतेस?"

"कोंबड्यांच्या कारखान्यात असते. लाइनवर."

"लाइनवर काय?"

"पुढून जाणाऱ्या कोंबड्या बघायच्या. खराब असेल ती बाजूला काढायची."

"जिवंत?"

"नाही. सोललेल्या."

ते वळले आणि घरात निघून गेले. मला वाटलं, संपलं. दोन मिनिटांनी बाहेर आले ते किल्ली घेऊन. मी म्हटलं, अजून खोली बघितलेली नाही. "खोली खोलीसारखी आहे," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. 'डॉक' म्हणायचे. त्या देशात मला डॉक्टर म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. इंग्रजीत 'यू' सगळ्यांना एकच, पण मी मनातल्या मनात त्यांना 'अहो आजोबा' म्हणायला लागले.

आजोबांनी पस्तीस वर्षं याच भागात टपाल वाटलं होतं. रिटायर होऊन जमाना झाला तरी रोज सकाळी आपल्या जुन्या बीटवरून चक्कर मारायचे. लॉकडाऊन लागला, व्यायामाला दिवसाकाठी एक तास मिळायला लागला, तेव्हा सुट्टीच्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागले. एकाच आवारात राहत होतो, म्हणून चालायचं. तोंडाला मास्क, हातात काठी, आणि प्रत्येक लेटरबॉक्सपाशी एक थांबा.

त्यांचं म्हणणं असं, की घराची प्रगती पोस्टमनइतकी कुणाला कळत नाही. युनिव्हर्सिटीचं पाकीट जाड असतं, कोर्टाचं पातळ. हॉस्पिटलचं एकामागून एक येतं. "मी डॅनिश घरं बघितली," ते काठीने दाखवायचे, "थोडी होती. डेन मुळात आले थोडे, आणि आले ते स्वतःहून, निवडून निवडून. डेअरीवाले, इंजिनिअर, सुतारकामातले उस्ताद. पहिल्याच वर्षी बँकेची पाकिटं, वकिलाची पाकिटं. मुलं इथल्यांशीच लग्न करून मोकळी. दुसऱ्या पिढीत पाकिटावरचं आडनाव सोडलं तर डॅनिश काही उरलं नाही. विरघळले, साखरेसारखे."

"आणि युक्रेनियन?"

"आम्ही युद्धानंतर जहाजं भरभरून आलो. छावण्यांमधून. करारच असा होता, दोन वर्षं सरकार सांगेल तिथे, सांगेल ते काम. तिकडे कोण होतास ते विचारायचं नाही. प्रोफेसरने खंदक खणले, डॉक्टरने हॉस्पिटलची फरशी पुसली. पुसली ती अंगाला इतकी चिकटली, की दोन वर्षं संपली तरी सुटली नाही. म्हणून आम्ही एकमेकांना धरून राहिलो. आपला हॉल, आपलं चर्च, शनिवारची शाळा. शनिवारी इतर पोरं क्रिकेट खेळायची आणि आम्ही व्याकरण घोकायचो."

मग थोडं चालून पुन्हा थांबायचे. "पण मुलं शिकली. मास्तर झाली, अकाउंटंट झाली. तिसरी पिढी बघ, माझ्या भाचीचा मुलगा हार्ट सर्जन आहे. तिसऱ्या पिढीत पाकिटं सारखीच दिसतात, डेनची काय आणि आमची काय. लोक म्हणतात, बघा, शेवटी सगळं बरोबर झालं." इथे ते काठी फुटपाथवर आपटायचे. "पण पहिल्या पिढीचं काय? ती तर मेली ना!"

एकदा मी विचारलं, मग आम्ही इंडियन लोक कोण?

ते हसले. "तुम्ही मजेशीर आहात. कागदावर डेन, कामावर युक्रेनियन. तुम्हाला पॉइंट मोजून, डिग्री बघून, निवडून आणतात. आणि इथे आल्यावर ती डिग्री ड्रॉवरमध्ये ठेवायला सांगतात."

हे वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते सगळीकडे सांगत सुटले. आमच्या मराठी ग्रुपच्या झूमवर सांगितलं, तर दहा जणांनी अंगठे वर केले. आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, "अगं, पण तुझी ती परीक्षा होती ना इथली? तिचं काय झालं?"

"आई, ते लोक आपल्याला घेतच नाहीत."

"असं कसं, घेतच नाहीत?"

"नाही घेत. तुला नाही कळायचं." मी विषय बदलला.

या सगळ्या विचाराच्या मुळाशी आजोबांची एक गोष्ट होती. ती मी किमान पन्नास वेळा ऐकली असेल. त्यांचे वडील तिकडे जनावरांचे डॉक्टर होते. माझ्यासारखेच. किल्ली हातावर का पडली ते मला पहिल्याच आठवड्यात समजलं. इथे आल्यावर ते या गल्लीच्या टोकाला असलेल्या दुधाच्या कारखान्यात कॅन धुवायला लागले. कारखान्याचा मॅनेजर होता डॅनिश, समोरच्या बाईंचा बाप. "एकाच जगातली दोन शिकलेली माणसं, एकाच गल्लीत येऊन पडली," आजोबा सांगायचे. "डेनला केबिन मिळाली, माझ्या बापाला ब्रश. माझ्या बापाने परवान्यासाठी अर्ज केला होता. उत्तर आलं, नाही. एका शब्दात. त्यानंतर बावीस वर्षं त्याने कॅन धुतले आणि मेला."

गोष्ट नेहमी तिथेच थांबायची. त्यानंतर ते चुलीवरच्या, म्हणजे गॅसवरच्या, बिटाच्या सुपात मूठभर शेपू टाकायचे. शेपू त्यांनी अंगणात लावला होता. माझ्या ओळखीत शेपू इतक्या प्रेमाने खाणारा तोपर्यंत मी एकच माणूस पाहिला होता, माझे वडील. दुपारी कारखान्यातून येऊन मी त्यांच्याकडे जेवायची आणि वाटायचं, आपण बरोबर जागी आलोय.

त्यांचा एक विचित्रपणा मात्र मला झेपायचा नाही. माझं पत्र आलं की ते खोलीच्या दाराशी येऊन उभे राहायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून लाइनवर जायचं असायचं, आणि हे पाकीट घेऊन हजर. "फोड."

"नंतर बघते."

"आत्ता फोड. माझ्यासमोर. आणि मोठ्याने वाच. जे लिहिलंय तेच."

गॅस कंपनीचं पत्रसुद्धा मला शब्दन् शब्द वाचून दाखवावं लागायचं. एखादं वाक्य गाळलं तर त्यांना कळायचं, कारण ते माझ्या डोळ्यांकडे बघत असायचे. मी आईला म्हटलं, डोक्यावर थोडा परिणाम झालाय त्यांच्या. शेजारच्या लेटरबॉक्समध्ये चुकून पडलेलं पत्र दिसलं, की पाऊस असो, थंडी असो, तिथून उचलून योग्य घरात टाकल्याशिवाय पाणी प्यायचे नाहीत. फक्त एका घराच्या लेटरबॉक्सला ते कधी हात लावायचे नाहीत. समोरच्या. लॉकडाऊनमध्ये अख्खी गल्ली एकमेकांना हात करायला लागली होती, लहान मुलं खिडकीत टेडी बसवत होती. समोरच्या बाई वॉकर घेऊन बाहेर आल्या की आजोबा मात्र मान खाली घालून घरात जायचे. मी म्हणायचे, एवढा राग? बिचारीने काय केलंय? ते म्हणायचे, "डेन आहे."

थंडीच्या ऐन कडाक्यात आमच्या कारखान्यात कोविड शिरला. लाइनवर आम्ही खांद्याला खांदा लावून उभे राहायचो, गार हवेत, मशीनच्या आवाजात ओरडून बोलत. एका आठवड्यात माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका गायब झाल्या. मग माझा घसा धरला. टेस्ट पॉझिटिव्ह. मी खोलीत स्वतःला कोंडून घेतलं आणि खिडकीतून ओरडून आजोबांना सांगितलं, जवळ येऊ नका. पण आदल्याच दिवशी मी त्यांच्या टेबलाशी बसून जेवले होते.

चौथ्या दिवशी ते सकाळी अंगणात दिसले नाहीत. मी फोन लावला. पलीकडून नुसता श्वास. मीच अॅम्ब्युलन्स बोलावली. पायापासून डोक्यापर्यंत झाकलेली दोन माणसं आली, चेहऱ्यावर काचा. त्यांनी आजोबांना स्ट्रेचरवर घातलं. मी खिडकीला चिकटून बघत होते. बाहेर पडायची परवानगी नव्हती. कोपऱ्यावर स्ट्रेचर वळलं तेव्हा त्यांनी हात वर केला, तो टाटा होता की आणखी काही ते मला कळलं नाही. मी जनावरांची डॉक्टर. रोग एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो हे पाच वर्षं शिकलेली. मीच नेऊन दिला होता तो त्यांना, त्यांच्याच सुपाबरोबर. त्या दिवशी मी रडलेसुद्धा नाही. पलंगाच्या कडेला बसून राहिले आणि संध्याकाळ कधी झाली ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी कुणीतरी टकटक केली. बघते तर समोरच्या बाई. वॉकरच्या टोपलीत एक झाकलेला डबा. तो त्यांनी कुंपणाच्या खांबावर ठेवला, पाच-सहा पावलं मागे सरल्या आणि मास्कमधून मोठ्याने म्हणाल्या, "बटाटे आहेत. वर शेपू घातलाय. तुला आवडत नसेल तर काढून टाक."

तेव्हापासून त्या रोज यायच्या. मी खिडकीत, त्या फुटपाथवर, मध्ये अंगण. पहिले काही दिवस नुसतं हवामान आणि आकडे. मग एके दिवशी त्यांनी विचारलं, "तो कसा आहे?"

"ऑक्सिजनवर आहेत. बोलतात थोडं." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही त्यांची चौकशी करताय याचं मला नवल वाटतं. त्यांच्या वडिलांचं जे झालं, त्यानंतर…"

"काय झालं?"

मी सांगितलं. केबिन आणि ब्रश. अर्ज, नकार, बावीस वर्षं. जशी ऐकली होती तशीच गोष्ट.

बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "नकार? कसला नकार?"

पुढचं त्या इतक्या शांतपणे बोलल्या, की मला खिडकी आणखी उघडावी लागली. कारखान्याच्या आवारात एकदा एका शेतकऱ्याची गाय अडली होती. वासरू उलटं. गावात डॉक्टर नव्हता. कॅन धुणारा हा माणूस बाह्या वर करून पुढे आला, खांद्यापर्यंत हात घालून त्याने वासरू फिरवलं आणि काढलं. गाय जगली, वासरूही. "मी आठ-नऊ वर्षांची होते. बाबांबरोबर उभी होते. बाबा घरी येऊन आईला म्हणाले, त्या माणसाला कॅन धुवायला लावणं हे पाप आहे." त्यानंतर डॅनिश मॅनेजरने स्वतः पत्रं लिहिली. एक नाही, कितीतरी. त्या माणसाकडून अर्ज भरून घेतला, शिफारस जोडली, पाठपुरावा केला. "आणि उत्तर आलं. हो म्हणून. त्याची एक प्रत बाबांनाही आली होती. सिडनीला येऊन दोन वर्षं शिका, परीक्षा द्या, परवाना मिळेल. राहायची सोयही होती."

"मग?"

"मग काहीच नाही. त्याने उत्तरच दिलं नाही. बाबांना भेटायलाही आला नाही. रस्त्यात दिसला की तोंड फिरवायचा. बाबांना फार लागलं ते. शेवटपर्यंत म्हणायचे, युक्रेनियन माणसाला मदत करू नये, ती त्यांना अपमानासारखी वाटते. कारखान्यात तसे आणखी दोघे-तिघे होते, शिकलेले. त्यांच्यासाठी बाबांनी पुन्हा पत्र लिहिलं नाही."

मी त्या बाईंवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच आला. म्हटलं, बापाची बाजू घेणारच. पण त्या जाताना म्हणाल्या, "ती प्रत अजून आहे माझ्याकडे," आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तिचा फोटो माझ्या फोनवर पाठवला. टाइप केलेलं इंग्रजी. वर शिक्का. त्यात कुठेही 'नाही' नव्हतं.

आजोबा तीन आठवड्यांनी घरी आले, निम्मे होऊन. कोटात दोन आजोबा मावतील असे. मी त्यांना दलिया करून घालत होते, पाठ शेकत होते आणि फोनमधला तो फोटो लपवत होते. दहा दिवस गेले. काय विचारायचं तेच मला कळत नव्हतं. वडिलांनीच मुलाला खोटं सांगितलं असेल का? हिंमत झाली नसेल पुन्हा शिकायची, आणि सोपं म्हणून सांगितलं असेल, नाही म्हणाले. माझी खात्रीच होत चालली तशी. आणि ती का होत होती हेही मला आतून ठाऊक होतं.

शेवटी एका सकाळी, स्वयंपाकघरात, मी फोन त्यांच्या समोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. वाचायला त्यांना एक क्षण पुरला.

"तिने दिलं?"

"हो. आजोबा, तुमच्या वडिलांनी तुम्हाला खोटं सांगितलं असेल."

'आजोबा' हा शब्द मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटला होता. त्यांना तो कळला नाही. ते फोनकडे बघत म्हणाले, "माझ्या बापाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, डॉक."

मला तरीही कळलं नाही.

"घरातली पत्रं मी वाचायचो. शाळेत शिकलेलं इंग्रजी माझंच. विजेचं, चर्चचं, सरकारचं, सगळं मीच वाचून आमच्या भाषेत सांगायचो. बारा वर्षांचा होतो. शुक्रवारची दुपार. बाप कामावरून आला होता, हात अजून ओले. पाकीट माझ्या हातात दिलं आणि समोर उभा राहिला." त्यांनी चष्मा काढला. "मी सगळं वाचलं. नीट समजलं मला. मग मी म्हणालो, ते नाही म्हणतायत."

मी खुर्चीत बसले.

"का?"

"त्यात लिहिलं होतं, दोन वर्षं." त्यांनी टेबलावरचा हात पालथा केला. "आम्ही बोटीवरून उतरलो तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. उतरल्यावर बापाला कामाला दुसरीकडे पाठवलं, पाइप टाकायला. आई आणि मी छावणीत, बराकीत, पत्र्याखाली. कितीला? दोन वर्षांना. परत आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. आईच्या मागे लपलो. ते शब्द मी कागदावर वाचले आणि पुढचं मला दिसेना. मला एवढंच वाटलं, पुन्हा नाही."

"पण नंतर? मोठं झाल्यावर?"

"रोज सांगणार होतो. रोज, डॉक. आधी वाटलं, पुढच्या आठवड्यात सांगू. मग वाटलं, आता बाप मारेल. मग वाटलं, आता बाप मारणार नाही, नुसता बघेल. तो मेला तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो, पोस्टात." त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "डेन आणि युक्रेनियन. त्यात खोटं काही नाही. खंदक खरे होते. ज्यांना खरोखर एका शब्दात नाही म्हटलं अशी डझनभर माणसं मी ओळखत होतो. त्या गोष्टी इतक्या होत्या, की त्यात माझी सहज लपली."

ते पाकीट घेऊन माझ्या दाराशी का उभे राहायचे, हे मला त्या क्षणी समजलं. आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

कारण माझीही एक गोष्ट होती. मी म्हणाले, "मला कुणी नाही म्हटलेलं नाही. मी परीक्षेला बसले होते. लेखी झाली. प्रॅक्टिकलला घोड्याच्या पायाची एक केस होती, माझे हात थरथरले, मी नापास झाले. पुन्हा बसता येतं. मी बसले नाही. सगळ्यांना सांगितलं, घेतच नाहीत. तुम्हालाही तसंच भासवलं."

त्यांना धक्का बसेल असं मला वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "माहीत आहे. तू कधी कुणाला शिव्या दिल्या नाहीस. ज्याला खरंच नाही म्हणतात तो शिव्या देतो." मग ते उठले, सिंकपाशी जाऊन हात धुतले, बराच वेळ धुतले. त्या परीक्षेचं पुढे काय झालं तो वेगळा विषय आहे. आज माझ्या गाडीच्या डिकीत गमबूट असतात आणि वासरं ओढायच्या दोऱ्या, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

वसंत ऋतू आला. घराबाहेर दुसऱ्या घरच्या माणसांना भेटायची थोडी मुभा मिळाली. पहिल्याच शनिवारी सकाळी आजोबांनी दाढी केली. कोट घातला नाही, पांढरा शर्ट घातला. म्हणाले, "रस्ता ओलांडायचाय. हात दे."

आठ-दहा पावलांना आम्हाला पाच मिनिटं लागली. मी समोरची बेल वाजवली. बाई जाळीच्या दारामागे आल्या. आजोबांना बघून त्यांचा हात वॉकरवर घट्ट झाला.

आजोबांनी प्रस्तावना केली नाही. उभ्या उभ्या, माझ्या खांद्यावर भार टाकून, सगळं सांगितलं. शुक्रवार, ओले हात, दोन वर्षं, नाही म्हणतायत. "तुझ्या बापाने माझ्या बापासाठी जे केलं ते फळाला आलं होतं, हे माझ्या बापाला मरेपर्यंत कळलं नाही. तो तुझ्या बापाकडे गेला नाही, कारण त्याला वाटलं, शिफारस करूनही आपल्याला नाकारलं, आता कुठल्या तोंडाने जायचं. हे मी केलं. मी एकट्याने."

बाई दारामागून निघून गेल्या. मला वाटलं, आता दार लागणार, आणि ते लागलं तर त्यात चूक काही नाही. आजोबांचं वजन माझ्या खांद्यावर वाढत चाललं होतं.

त्या परत आल्या त्या एक हलकी खुर्ची वॉकरवर आडवी घालून. जाळीचं दार पायाने ढकललं. "त्याला बसव," त्या मला म्हणाल्या. स्वतः वॉकरच्या बैठकीवर बसल्या, नियमाप्रमाणे दीड मीटरवर. दोघंही हिरवळीकडे बघत होते. पलीकडच्या घरातलं कुणीतरी गवत कापत होतं.

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "तू नाही म्हणतायत असं सांगितलंस, तेव्हा तुझे वडील काय म्हणाले?"

आजोबांनी बाईंकडे वळून बघितलं. मी त्यांना वर्षभर जवळून बघत होते, स्ट्रेचरवरसुद्धा बघितलं होतं. पण असा चेहरा पाहिला नव्हता. ही गोष्ट त्यांनी मलाही सांगितली नव्हती.

"आधी काही म्हणाला नाही," ते म्हणाले. "माझ्याकडे बघितलं. खूप वेळ. मग पाकीट घेऊन खिशात ठेवलं. आणि मला उचललं. बारा वर्षांचा होतो मी. पाय जमिनीला लागत होते. उचलून धरून ठेवलं आणि कानात म्हणाला, बरं झालं. म्हणजे मला कुठे जायला नको."